एलसॅटला खासगी ट्यूटर लावायचाय? थांबा, आधी हे करा

दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी मेसेज करतं, दादा एलसॅट द्यायचीय, ट्यूटर लावू का, आणि लगेच पुढचा प्रश्न, तासाला किती घेतात. मी स्वतः हेच काम करतो, म्हणजे खरं तर मी "हो, आजपासूनच बसू" म्हणायला पाहिजे, पण दहातल्या सात-आठ जणांना मी आधी थांब म्हणतो, कारण ज्याला अजून आपलं नेमकं कुठे अडतंय हेच माहीत नाही त्याच्यासोबत पहिले पाच-सहा तास मी जे करतो ते तो घरी बसून फुकटात करू शकतो. तेच इथे एकदाचं सगळं लिहून टाकतो.

पायरी १: परीक्षा काय आहे ते माहीत करून घ्या

हे पटकन. एलसॅट ही मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, १९४८ पासून चालू आहे, घेणारी संस्था एलसॅक. एकूण चार सेक्शन, प्रत्येकी ३५ मिनिटं, दुसऱ्यानंतर १० मिनिटांचा ब्रेक. दोन सेक्शन लॉजिकल रिझनिंगचे म्हणजे एलआर (छोट्या युक्तिवादांवरचे प्रश्न), एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा म्हणजे आरसी (उताऱ्यांवरचे प्रश्न), आणि चौथा एक असा असतो की त्याचे मार्क धरतच नाहीत, तो एलआर असू शकतो नाहीतर आरसी, आणि परीक्षा देताना कुठला ते कळत नाही, त्यामुळे डोकं न लावता सगळेच जीव तोडून सोडवायचे. स्कोअर १२० ते १८०. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून वेळ संपत आला की उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी एक ठोकून द्यायचं, रिकामं सोडणं म्हणजे निव्वळ येडेपणा.

आणि एक महत्त्वाचं, लॉजिक गेम्स, म्हणजे कोड्यांसारख्या प्रश्नांचा सेक्शन, ऑगस्ट २०२४ पासून बंद झाले. त्या जागी एलआरचा दुसरा सेक्शन आला. (माझी अर्धी कमाई गेम्सवर होती, असो.) पण सेकंडहँड पुस्तकं अजून गेम्सने भरलेली मिळतात आणि लोक ती घेऊन महिनाभर सोडवत बसतात, मी पाहिलंय.

पायरी २: ट्यूटर शोधायच्या आधी एक पूर्ण टेस्ट, आणि मग तीच टेस्ट परत

एलसॅकचं लॉहब नावाचं पोर्टल आहे, तिथे अकाउंट काढलं की काही खऱ्या जुन्या टेस्ट फुकट मिळतात, पैसे भरले तर पन्नासहून जास्त. पैशाची खरंच अडचण असेल आणि त्यांच्या नियमात बसत असाल तर एलसॅककडे फी माफीचा अर्ज करा, तो मंजूर झाला तर परीक्षेच्या फीसोबत लॉहबचं पेड वर्जनही त्यात मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कुठल्या तरी ग्रुपवर फिरणारे पीडीएफ नकोत, एकतर ते चोरीचे, आणि परीक्षा स्क्रीनवर असते तर सरावही त्याच स्क्रीनवर झालेला बरा.

तर एक टेस्ट घ्या, घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. सोडवताना ज्या प्रश्नावर मन खात होतं तिथे फ्लॅग लावा. संपल्यावर, आणि इथेच सगळे घोळ घालतात, उत्तरं बघू नका. स्कोअरही नको. दुसऱ्या दिवशी फ्लॅग केलेले सगळे प्रश्न परत सोडवा, या वेळी घड्याळाशिवाय, एकेका प्रश्नाला दहा मिनिटं लागली तरी चालतील, प्रत्येक ऑप्शन का बरोबर का चूक ते स्वतःला सांगत. याला ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात. मग तुमच्याकडे दोन स्कोअर येतात, एक घड्याळातला आणि एक बिनघड्याळाचा.

आता या दोन आकड्यांतलं अंतर बघा. समजा घड्याळात १५३ आणि रिव्ह्यूत १६६. म्हणजे डोकं आहे, कन्सेप्ट आहेत, घोडं वेळेवर किंवा घाबरण्यावर अडतंय. आणि समजा १५३ आणि १५५, तर कितीही वेळ दिला तरी तीच चूक होतेय, म्हणजे पायाच कच्चा आहे, इथे स्पीडच्या युक्त्या शिकवणारा ट्यूटर लावलात तर तुम्ही फक्त लवकर चुकायला शिकाल. ही दोन मुलं वेगळी, त्यांचा ट्यूटरही वेगळा. हे दोन आकडे घेऊन माझ्याकडे कुणी आलं की मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करतो, कारण माझे तीन तास वाचले आणि त्याचे पैसे.

पायरी ३: खरंच लागतो का

एकदम नवीन असाल, अजून कन्सेप्टच झाले नसतील, तर नको. दीड-दोन महिने एखादं चांगलं पुस्तक किंवा ऑनलाइन कोर्स करा. कन्क्लूजन म्हणजे निष्कर्ष कुठला, प्रिमाइस म्हणजे त्याचा आधार कुठला, नेसेसरी अझम्प्शन (ज्या न बोललेल्या गृहीतकाशिवाय युक्तिवाद उभा राहत नाही) म्हणजे काय, हे शिकायला तासाचे पैसे मोजून माणूस बसवायची गरज नसते, ते व्हिडिओतही तसंच कळतं.

तीन-चार महिने अभ्यास झालाय आणि शेवटच्या चार-पाच टेस्ट एकाच आकड्याभोवती घुटमळतायत, तर हो, हीच ट्यूटरची खरी वेळ.

आणि तिसरा प्रकार, ज्याला सगळं येतं पण बसवत नाही. त्याला ट्यूटर म्हणजे महागडा गजर. मी असे विद्यार्थी घेतलेत, पैसे पण घेतलेत, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचं काम एखाद्या अभ्यासू मित्रासोबत रोज दोन तास कॅमेरा चालू ठेवून बसण्यानेही झालं असतं.

पायरी ४: ट्यूटर निवडताना

पहिली गोष्ट सगळे विचारतात, तुमचा स्कोअर किती. विचारा, विचारायलाच पाहिजे, आणि अधिकृत स्कोअर रिपोर्टचा स्क्रीनशॉट मागायला लाजू नका, खरा माणूस रागवत नाही. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, की सुरुवात कितीपासून केली होती. पहिल्याच टेस्टला १७० आलेला माणूस हुशार असतो यात वाद नाही, पण तुम्ही विचारलं की "ऑप्शन बी का नाही?" तर तो म्हणतो "अरे ते तर दिसतंयच ना", आणि तुम्हाला तेच तर दिसत नसतं! १५० वरून धडपडत १७२ ला पोचलेल्याला प्रत्येक खड्डा माहीत असतो कारण तो त्यात पडलेला असतो.

दुसरी गोष्ट, ट्रायल. बहुतेक ट्यूटर अर्धा तास फुकट किंवा कमी पैशात देतात. त्यात त्यांची ओळख, त्यांची पद्धत, त्यांचे यशस्वी विद्यार्थी हे ऐकत बसू नका. तुमच्या टेस्टमधले दोन चुकलेले प्रश्न घेऊन जा आणि म्हणा, हे करूया. आणि मग एकच बघा, बोलतंय कोण.

म्हणजे काय ते दाखवतो. खालचा प्रश्न मी बनवलेला आहे, परीक्षेतला नाही, पण जात तीच.

"शहरातल्या ज्या ग्रंथालयांनी रात्री उशिरापर्यंत उघडं राहायला सुरुवात केली, त्यांच्याकडून वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या वाढली. म्हणून बाकीच्या ग्रंथालयांनीही वेळ वाढवली तर त्यांच्याकडचीही संख्या वाढेल." हा युक्तिवाद कशावर अवलंबून आहे?

ऑप्शनपैकी बी होता, रात्री येणारे वाचक दिवसा येणाऱ्यांपेक्षा जास्त पुस्तकं नेतात. डी होता, आधीच्या ग्रंथालयांतली वाढ सर्वस्वी अशा एखाद्या गोष्टीमुळे झालेली नाही जी बाकीच्या ग्रंथालयांकडे नाहीच.

एक मुलगी होती माझ्याकडे, तिने बी केलं. मी म्हटलं का केलंस. ती म्हणाली, म्हणजे रात्रीचे लोक जास्त पुस्तकं नेत असतील तर संख्या वाढणारच ना. मी म्हटलं बरोबर, वाढेल. आता समजा रात्रीचे लोक जास्त नाही, तेवढीच नेतात, किंवा एक पुस्तक कमीच नेतात. मग? ती गप्प. मग हळूच, तरी वाढेल, कारण ते लोक आधी येतच नव्हते. मग बी नसला तरी चालतंय ना? हो. आता डी उलटा करून बघ. तिने मोठ्याने वाचलं, वाढ सर्वस्वी अशा गोष्टीमुळे झाली जी बाकीच्यांकडे नाहीच, आणि अर्ध्यात थांबून म्हणाली, अरे मग तर सगळंच पडलं.

यात मी जेमतेम पाच-सहा वाक्यं बोललो. आणि मग आम्ही तिची चुकांची वही काढली तर नेसेसरी अझम्प्शनच्या जवळपास प्रत्येक चुकीत हेच, तिला युक्तिवादाला *मदत करणारं* उत्तर आवडायचं, *ज्याच्याशिवाय तो उभाच राहत नाही* ते नाही. तिला सगळं एलआर येत नव्हतं असं नव्हतंच, ती एकच गोष्ट चुकत होती, पण प्रत्येक टेस्टमध्ये तीन-चार वेळा. ट्रायलमध्ये ट्यूटरने "नाही, उत्तर डी आहे, कारण..." म्हणून दहा मिनिटं सुंदर समजावलं तर तुम्हाला त्या वेळी फार छान वाटेल आणि पुढच्या टेस्टला तुम्ही परत बी कराल. समजावणाऱ्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत. पैसे द्यायचे ते तुमचं चुकीचं उत्तर तुम्हाला बरोबर का वाटलं हे खोदून काढणाऱ्याला.

कुणापासून लांब राहायचं ते पण सांगतो. अमुक मार्क वाढवून देतो अशी गॅरंटी देणारा. स्वतःची "सीक्रेट" पद्धत असणारा. अभ्यासक्रमात अजून गेम्स दाखवणारा, म्हणजे त्याने २०२४ नंतर फाइल उघडलेलीच नाही. आणि पहिल्याच फोनवर चाळीस तासांचं पॅकेज गळ्यात मारणारा. आधी चार-पाच तास घ्या, सुटे. पटलं तर पुढचे. रद्द करायचे नियम काय, उरलेल्या तासांचे पैसे परत मिळतात का, रेकॉर्डिंग मिळतं का, हे मेसेजवर लेखी घ्या, फोनवर नको. मी विद्यार्थी असताना एकाला आगाऊ पैसे देऊन बसलो होतो आणि तिसऱ्या तासानंतर तो प्रत्येक वेळी आजारी पडायला लागला, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

पायरी ५: तास कसा वापरायचा

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तास-दीड तास. त्याहून जास्त घेतलं तर मधे स्वतः सोडवायला वेळच उरत नाही आणि सुधारणा जी होते ती मधल्या दिवसांतच होते.

एक वही ठेवा, किंवा शीट. चुकलेला किंवा नशिबाने बरोबर आलेला प्रत्येक प्रश्न त्यात: कुठली टेस्ट कुठला नंबर, प्रश्नाचा प्रकार, मी काय निवडलं आणि त्या क्षणी का, आणि बरोबर उत्तराकडे जायला मला काय दिसायला हवं होतं. चौथा रकाना सगळ्यात त्रासदायक, तोच सगळ्यात कामाचा. आणि "घाईत वाचलं", "सिली मिस्टेक" हे दोन शब्द वहीत बंद! घाईत वाचलं म्हणजे नेमका कुठला शब्द सुटला? "मोस्ट"ला "ऑल" वाचलं? कन्क्लूजन पहिल्याच वाक्यात होतं आणि तुम्ही शेवटी शोधत बसलात? ते लिहा.

ही वही तासाच्या एक दिवस आधी ट्यूटरला पाठवा. तासाला सहा-आठ प्रश्न पुरे, चाळीस नकोत. आणि मोठ्याने बोलत सोडवा, मधे मधे "अं... हे वाटतंय पण माहीत नाही" हे पण मोठ्यानेच, ट्यूटरला त्यातच माल सापडतो. पहिले दोन तास लाज वाटते, मग जाते.

पायरी ६: आपल्या मराठी डोक्याची एक भानगड

हे खास आपल्या लोकांसाठी, इंग्रजीत शिकवणाऱ्या ट्यूटरला हे कळणार नाही म्हणून तुम्हीच सांगा. घरीदारी मराठी बोलणाऱ्यांचं इंग्रजी उत्तम असलं तरी कंडिशनल वाक्यं डोक्यात मराठीत शिरतात, आणि बोलताना आपण "तर" आणि "तरच" एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो.

"अभ्यास केलास तर पास होशील." यात अभ्यास झाला की पास नक्की, पण अभ्यास न करता कुणी पास झाला तर वाक्य खोटं पडत नाही, त्याच्याबद्दल ते काही बोललेलंच नाही. "अभ्यास केलास तरच पास होशील." आता पास झालेला दिसला की त्याने अभ्यास केलाच असणार, पण भरपूर अभ्यास करून कुणी नापास झाला तरी वाक्य खरंच राहतं. एका "च"ने बाण उलटा फिरला, आधी अभ्यासाकडून पासकडे होता, आता पासकडून अभ्यासाकडे. आई दोन्ही वाक्यं एकाच अर्थाने म्हणते आणि आपणही तसंच ऐकतो, पण एलसॅटमध्ये "इफ" म्हणजे तर, "ओन्ली इफ" म्हणजे तरच, आणि यांची अदलाबदल करणारं एक उत्तर ऑप्शनमध्ये तुमची वाट बघत बसलेलं असतं. "अनलेस" दिसलं की "नाही तर" करून वाचा: "पाऊस थांबला नाही तर मॅच होणार नाही". एवढं केलं तरी निम्मी भीती जाते.

तसंच "सगळे आले नाहीत". कुणीच आलं नाही, की काही आले काही नाही आले? मराठीत दोन्ही चालतं, सुरावरून कळतं. "नॉट ऑल" मध्ये चालत नाही, तिथे फक्त एवढंच की निदान एक जण आला नाही. मी एकाला आठवडाभर नुसती मराठी वाक्यं दिली होती, प्रत्येकाचा बाण काढायचा, आधी त्याला वाटलं मी टाइमपास करतोय.

आरसीबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे ट्यूटर कमी उपयोगाचा. चार सेट असतात, त्यातल्या एकात दोन छोटे उतारे शेजारी शेजारी. रोज एक जड लेख वाचायचा, कायदा विज्ञान कला काहीही, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर मान वर करून एका वाक्यात सांगायचं की लेखकाने इथे काय केलं, काय *म्हटलं* नाही, काय *केलं*. हे तीन महिने कुणी केलं तर ट्यूटरला फक्त बारीक डागडुजी उरते.

पायरी ७: फायदा होतोय का ते कसं कळणार

एका टेस्टवर जाऊ नका. एलसॅक स्वतःच स्कोअरसोबत एक पट्टा देतं, साधारण तीन मार्क वर आणि तीन खाली, म्हणजे १६० चा १६२ झाला तर पेढे वाटू नका आणि १५८ झाला तर ट्यूटर बदलू नका. शेवटच्या चार टेस्टची सरासरी बघा. सात-आठ तासांनंतर सरासरी हलली नसेल तर आधी वही उघडा. चुकांचे प्रकार बदलले असतील, जुन्या गेल्या आणि नव्या आल्या, तर गाडी चालू आहे. तेच प्रकार तसेच असतील तर ट्यूटरशी स्पष्ट बोला, आणि तरी फरक नाही तर सोडा, वाईट वाटून घेऊ नका, मलाही लोकांनी सोडलंय.

टेस्ट भसाभसा जाळू नका. आठवड्याला एक, शेवटी शेवटी दोन. अडीच तासांची टेस्ट देऊन तिचा रिव्ह्यू न करणं म्हणजे वजनकाट्यावर रोज चढून वजन उतरायची वाट बघणं.

तारीख कधी घ्यायची? तुम्हाला हव्या असलेल्या लॉ स्कूलचे आकडे बघा. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी ५०९ रिपोर्ट जाहीर करावा लागतो, त्यात नव्या बॅचचा २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचा एलसॅट स्कोअर असतो. तुमची सरासरी तिथल्या मधल्या आकड्याला पोचली की मग तारीख घ्या, ट्यूटर "होईल रे" म्हणाला म्हणून नाही. परत देता येते, पण मोजून: चालू साधारण पाच वर्षांच्या काळात पाच वेळा आणि आयुष्यात एकूण सात वेळा, त्यामुळे "एकदा बसून बघू" म्हणत एक संधी घालवू नका, बसून बघायला लॉहब आहे.

पायरी ८: शेवटचा आठवडा

ट्यूटरसोबतचा शेवटचा तास परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी, आणि त्यात नवीन काही नको. मी त्या तासाला फक्त विद्यार्थ्याने आधी बरोबर सोडवलेले अवघड प्रश्न काढतो आणि तो मला शिकवतो.

आणि रायटिंग, म्हणजे निबंध लिहायचा भाग, विसरू नका. तो भाग वेगळा असतो, परीक्षेच्या आठ दिवस आधीपासून देता येतो, १५ मिनिटं तयारी आणि ३५ मिनिटं लिहायला, मार्क नसतात म्हणून सगळे ढकलत राहतात. पण मंजूर झालेलं रायटिंग फाइलला नसेल तर स्कोअर देत नाहीत. वर सांगितलेली ती ग्रंथालयवाली मुलगी, स्कोअर यायच्या दिवशी सकाळपासून पेज रिफ्रेश करत बसली होती, ग्रुपवर सगळ्यांचे आले आणि हिचा नाही, रडकुंडीला येऊन मला फोन, मी विचारलं रायटिंग दिलंस का, तर पलीकडे बराच वेळ नुसती शांतता. त्याच संध्याकाळी दिलं, मग मंजूर होईपर्यंत वाट बघणं आलं.